बायोडाटात जिद्द नको, मिनिटं लिहा

नवा मोसम जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. बूट कुठले घ्यावेत, गुडघा का दुखतो, रेफ्रीनं आमच्यावर कसा अन्याय केला ही पत्रं मागं पडतात आणि ‘सर, क्लबला पाठवायचा बायोडाटा कसा लिहू?’ हा एकच प्रश्न सगळीकडून येतो. मी कोल्हापुरात फुटबॉलच्या गोलपोस्टखाली वाढलो. पुढे एका क्लबच्या युवा संघासाठी आलेले अर्ज चाळायचं काम वाट्याला आलं. त्यामुळे हा कागद पाठवणाराही ओळखीचा आणि वाचणाराही. हा अंक त्यालाच देऊन टाकतो.

प्रश्न : सर, मी १९ वर्षांचा स्टॉपर (बचावफळीच्या मधला खेळाडू) आहे. कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून दोन मोसम वरिष्ठ गटात खेळतोय. पुणे, मुंबई आणि गोव्यातल्या क्लबना मिळून वीसेक ई-मेल केले, एकाचंही उत्तर नाही. बायोडाटा सोबत जोडलाय. माझा खेळ चांगला आहे, हे पेठेत कुणालाही विचारा. मग चुकतंय कुठं?
– ऋ. पा., कोल्हापूर

ऋ., पेठेत विचारायची गरज नाही, तुझ्यावर विश्वास आहे. पण तुझा बायोडाटा सात पानांचा आहे, आणि तो हुबेहूब लग्नाच्या बायोडाटासारखा झालाय. वर ‘श्री’, मधोमध चषक उंचावलेला फोटो, खाली वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, भावंडं, छंद. रास आणि गोत्र तेवढं राहिलं. तिसऱ्या पानापासून प्रमाणपत्रांचे मोबाइलवर काढलेले फोटो सुरू होतात, त्यातले दोन आडवे आहेत आणि एक चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचं आहे. तू स्टॉपर आहेस हे मला दुसऱ्या पानाच्या तळाशी कळलं. उंची कुठेच नाही. कुठल्या पायानं खेळतोस, तेही नाही.

आता पलीकडच्या माणसाकडे बघ. हा कागद मुख्य प्रशिक्षक सहसा उघडत नाही. उघडतो तो सहायक प्रशिक्षक किंवा युवा संघाचा मॅनेजर, तोही सराव आटोपल्यावर, बसमध्ये, मोबाइलवर. त्याच्या डोक्यात एक रिकामी जागा असते : ‘डेव्हलपमेंट लीगसाठी उंच स्टॉपर पाहिजे, डावखुरा असला तर उत्तम, २१ च्या आतला.’ त्याला तुझी जिद्द मोजायची नसते. त्या जागेत तू बसतोस का, एवढंच बघायचं असतं. पहिल्या काही ओळींत ते कळलं नाही तर तो पुढच्या मेलकडे जातो. तू वाईट खेळतोस असं त्याचं मत झालेलं नसतं. मत व्हायला लागणारं काही त्याच्या हाती आलेलंच नसतं.

तुझी पहिली ओळ अशी आहे : ‘मी अत्यंत जिद्दी, मेहनती व शिस्तप्रिय खेळाडू असून फुटबॉल हा माझा श्वास आहे. अनिकेत जाधव यांच्या भूमीतून आलेला असल्याने भारतासाठी खेळण्याचे माझे स्वप्न आहे.’ अनिकेत २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला याचा अभिमान आम्हालाही आहे. पण तो कोल्हापूरचा म्हणून तुझी उंची वाढत नाही. तू फोनवर आणि पत्रात जे सांगितलंस त्यावरून ही ओळ मी अशी लिहीन :

‘स्टॉपर (उजवा किंवा डावा), गरज पडल्यास उजवा बॅक. उजवा पाय मुख्य, डाव्यानं छोटे पास. उंची १८१ सेमी, वजन ७४ किलो. हवेतले चेंडू आणि मागून ओरडून संघाला जागेवर लावणं ही ताकद.’

जिद्द हा शब्द न वापरता तू कोण आहेस ते कळलं. ‘मी बचावात कुठेही खेळू शकतो’ असं मात्र लिहू नकोस. कुठेही खेळणाऱ्यासाठी कुणाकडे जागा रिकामी नसते. एक मुख्य जागा आणि एक दुय्यम, बास. उंची अनवाणी मोजून लिही. ट्रायलला सगळे स्टॉपर ओळीत उभे राहतात तेव्हा कागदावरचे वाढीव तीन सेंटिमीटर लगेच दिसतात, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

वयाच्या जागी ‘१९ वर्षे’ लिहिलंयस. तिथे पूर्ण जन्मतारीख हवी. वयोगटाची पात्रता तारखेवर ठरते. दोन-चार महिन्यांच्या फरकानं एखादा मुलगा एका संघासाठी निरुपयोगी आणि दुसऱ्यासाठी हवाहवासा होतो. तारीख खरीच हवी, हे तुला सांगायला नको, पण हा अंक तुझ्या धाकट्या भावांच्याही हातात पडेल म्हणून सांगतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या युवा स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासलं जातं. शाळेच्या दाखल्यावर पुढे ढकललेला जन्म तिथे मागे येतो.

जन्मतारखेच्या शेजारीच सीआरएस क्रमांक टाक. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक खेळाडूला तो मिळतो. तुझा तुला माहीत नसेल तर संघाच्या सचिवाला विचार, बहुतेक त्यांच्याकडेच असतो. नव्या क्लबला तुझी नोंदणी आणि बदली त्यातूनच करायची असते, म्हणून हा एक आकडा दिसला की वाचणाऱ्याला हायसं वाटतं. सध्याच्या संघाशी करार आहे का, असेल तर कधीपर्यंत, तेही एका ओळीत लिही.

मग येतो मोसमांचा हिशेब, आणि इथेच आपली कोल्हापूरची पोरं सगळ्यात जास्त माल वाया घालवतात. तू लिहिलंस : ‘अनेक नामांकित चषक स्पर्धांत सहभाग व विजेतेपद.’ पुण्याच्या माणसाला आपल्या चषकांची नावं माहीत नसतात. पाटाकडील आणि दिलबहार या आपल्या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम कसं भरतं, पराभवानंतर पेठेत दोन दिवस चूल कशी थंड असते, हे त्याला माहीत नाही. त्यामुळे स्पर्धेच्या नावापुढे तिचा दर्जा लिहायचा : केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) वरिष्ठ साखळी, की बाद फेरीची स्थानिक स्पर्धा, की सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचा खेळ. सेव्हन्सचे सामने वेगळ्या ओळीत किंवा गाळूनच टाक. अकराच्या खेळात त्यांची भर घातली की आकडा फुगतो आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

प्रत्येक मोसमासाठी एकच ओळ हवी. मोसम, संघ, स्पर्धा, किती सामने, त्यातले सुरुवातीपासून किती, एकूण मिनिटं, गोल, संघानं गोल न खाल्लेले सामने, पिवळी आणि लाल कार्डं. मिनिटं का, असं विचारशील. ‘१८ सामने’ म्हणजे अठरा वेळा शेवटची पाच मिनिटं मैदानात उतरणंही असू शकतं. मिनिटांतून प्रशिक्षकाचा तुझ्यावर किती भरवसा होता ते दिसतं. मिनिटांची नोंद कुणीच ठेवली नसेल, तर आता घरी बसून काढ. आपल्याकडच्या बऱ्याच सामन्यांचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं आणि ते तिथेच पडून असतं. जे मोजता येत नाही तिथे ‘अंदाजे’ हा शब्द प्रामाणिकपणे लिहायचा. स्थानिक सामना पूर्ण नव्वद मिनिटांचा नसेल तर तेही सांगायचं.

लाल कार्डाचं लपवू नकोस. तुझं एक आहे, मला माहीत आहे, तो सामना मी गॅलरीत बसून पाहिलाय.

आता व्हिडिओ. खरं सांगायचं तर कागदाचं काम फक्त व्हिडिओच्या लिंकवर बोट जावं एवढंच असतं. तुझा व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. पहिलं दीड मिनिट नाव फिरत येतं, मागे डीजे, मग हळू गतीत तू बुटाची नाडी बांधतोस. त्यानंतर कॉर्नरवर केलेला हेडर चार कोनांतून. गोल छान आहे. पण स्टॉपर शोधणाऱ्याला तू गोल कसा करतोस यापेक्षा कसा होऊ देत नाहीस ते बघायचंय. तीन-चार मिनिटांत संपणारा व्हिडिओ कर, गाण्याशिवाय. आवाज ठेवायचाच तर मैदानातला ठेव. तू मागून ओरडतोस ते ऐकू येऊ दे, तेही तुझं कौशल्य आहे.

काय काय घ्यायचं? हवेतली झुंज जिंकलेली आणि चेंडू सहकाऱ्याकडेच गेलेला. स्ट्रायकर पाठमोरा असताना तू किती अंतर ठेवतोस. फुलबॅक वर गेल्यावर त्याच्या मागची मोकळी जागा तू कशी झाकतोस. दबावाखाली मागून पास देऊन खेळ सुरू करतोस की उचलून गॅलरीत टाकतोस. तुझ्या मागे चेंडू पडल्यावर वळून धावत त्याला गाठणं, कारण उंच स्टॉपरबद्दल पहिली शंका वेगाचीच असते. सगळ्यात चांगली क्लिप पहिली ठेव, राखून ठेवू नकोस. प्रत्येक क्लिप चेंडू तुझ्याकडे यायच्या आधी चार-पाच सेकंद सुरू कर, म्हणजे तू कुठे उभा होतास ते कळतं. सुरुवातीला क्षणभर चित्र थांबवून तुझ्याभोवती गोल काढ. लाल-पांढऱ्या जर्सीतल्या अकरा जणांत तू कोणता हे मी तीनदा मागे नेऊन शोधलं. इतर कुणी शोधणार नाही.

आणि सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक दे. हे मी सगळ्यांना सांगतो आणि फार थोडे ऐकतात. चांगल्या क्षणांचा व्हिडिओ पाहून उत्सुकता वाटते, पण निर्णय पूर्ण सामना पाहून होतो. नेहमीसारखा सामना निवड, ज्यात तुझ्याकडून दोन चुकाही झाल्यात. चूक झाल्यावर पुढच्या दहा मिनिटांत तू कसा खेळतोस, हे बघायला आमच्यासारखे लोक मुद्दाम थांबतात.

प्रमाणपत्रांबद्दल. ती फेकू नकोस. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी, दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी तीच लागतात, आणि तिथे मूळ प्रत, पडताळणी, शिक्के सगळं काटेकोर हवं. त्याची फाईल वेगळी. क्लबला पाठवायचा कागद एका पानाचा, आणि त्यात प्रमाणपत्राची जागा एका ओळीची : जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून किंवा राज्याकडून खेळलास का, कोणत्या वर्षी. दोन्ही फायली एकत्र केल्यामुळेच तुझी सात पानं झाली.

शेवटी तुझ्या प्रशिक्षकांचं नाव आणि फोन टाक, पण आधी त्यांना विचारून. मागे एका मुलानं दिलेल्या नंबरवर मी फोन केला. समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘कोण? हां, तो होय, बरा आहे.’ त्या ‘बरा आहे’मध्ये त्या पोराचा अर्ज संपला. माणूस वाईट नव्हता, फोन अचानक आला एवढंच.

प्रश्न : मी १६ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. मिडफिल्डर आहे. आमच्याकडे मुलींचे सामनेच होत नाहीत. वर्षात शालेय स्पर्धेतले तीन-चार, तेवढेच. मुलांचे बायोडाटा पाहिले की माझ्याकडे लिहायला काहीच नाही असं वाटतं. – स. ज.

स., तुझ्याकडे लिहायला आहे, तू ते मोजत नाहीस. पत्रात तू सहज लिहून गेलीस की गेली दोन वर्षं तू मुलांच्या १५ वर्षांखालच्या संघासोबत आठवड्यातून चार दिवस सराव करतेस. ही ओळ तुझ्या कागदावर सगळ्यात वर हवी. मुलींचे संघ बांधणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो : हिला वेगात खेळायची, अंगावर येणाऱ्याला सोसायची सवय आहे.

सामने कमी असतील तर कमीच लिही. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या) शालेय स्पर्धेत तुम्ही जिल्हा जिंकून कोल्हापूर विभागापर्यंत गेलात, तर ‘विभागस्तर, २०२४, कर्णधार, सर्व सामने पूर्ण वेळ’ एवढं पुरतं. मिनिटांची उणीव चाचण्यांच्या आकड्यांनी थोडी भरून निघते. ३० मीटर धाव, यो-यो किंवा बीप टेस्ट (धावून दमसास मोजायच्या चाचण्या), शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडून नीट घेऊन तारखेसह लिही. घरच्या अंगणात भावानं मोबाइलवर मोजलेली वेळ नको. सामन्याचा व्हिडिओ नसेल तर मुलांबरोबरच्या सराव सामन्याचा काढ. शाळेच्या गच्चीवरून, मोबाइल आडवा धरून, झूम न करता, अर्धं मैदान दिसेल असा. मिडफिल्डरचं काम चेंडू येण्याआधी सुरू होतं. तू खांद्यावरून मागे बघतेस का, पहिल्या स्पर्शात पुढे वळतेस का, हे उंचावरूनच दिसतं. प्लास्टिकचे शंकू मांडून, फुग्यांवर चेंडू मारून केलेल्या करामती नकोत.

राज्यातली महिलांची लीग आणि वरची इंडियन विमेन्स लीग यांत खेळणाऱ्या क्लबच्या अधिकृत पत्त्यावरच मेल कर. कागदावर घरचा पत्ता आणि तुझा स्वतःचा नंबर देऊ नकोस. आईचा किंवा वडिलांचा आणि क्रीडा शिक्षकांचा दे. आधार कार्डाची प्रत जोडायची नाही, ती निवड झाल्यावर मागतात. कुणी ‘स्काउट’ म्हणून इन्स्टाग्रामवर फोटो मागू लागला, रात्री मेसेज करू लागला, तर उत्तर न देता तो मेसेज घरी दाखव. खऱ्या क्लबला तुझा खेळ बघायचा असतो, आणि ट्रायलला पालक सोबत आले तर त्यांना आनंदच होतो.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा, उत्तम विंगर. एका एजंटनं त्याचा इंग्रजीत आकर्षक सीव्ही करून युरोपातल्या क्लबकडे पाठवायची तयारी दाखवली आहे. ‘सिलेक्शन नक्की’ म्हणतात. साडेचार लाख मागतात, पैकी एक लाख फक्त सीव्ही आणि व्हिडिओचे. द्यावेत का? – एक पालक, नाशिक

देऊ नका. हे उत्तर लांबवण्यासारखं नाही, पण कारण सांगतो, म्हणजे एजंट पुढच्या भेटीत गोड बोलला तरी तुम्ही डगमगणार नाही.

फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद आहेत, ते मोजके : आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले, किंवा युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात १६ ते १८ मधला मुलगा गेला, अशा प्रकारचे. नाशिकमध्ये राहणारा १५ वर्षांचा मुलगा यात कुठे बसतो ते त्या गृहस्थांनाच विचारा. फार तर पैसे भरून शिबिराला जाता येईल. शिबिर वाईट नसतं, पण त्याला सिलेक्शन म्हणत नाहीत.

दुसरं, २०२३ पासून एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. परवाना माणसाला मिळतो, कंपनीला नाही. म्हणून ‘आमची फर्म रजिस्टर्ड आहे’ या वाक्याला अर्थ नाही. अल्पवयीन मुलाशी बोलायला पालकांची लेखी संमती लागते, आणि तीही मुलगा कायद्यानं पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयाजवळ आल्यावर. परवानाधारक एजंटची कमाई खेळाडूला मिळणाऱ्या पैशांतल्या ठरावीक टक्क्यांतून होते. करार व्हायच्या आधीच बापाकडून लाखो रुपये घेणारा माणूस वेगळ्या धंद्यात आहे.

सीव्हीबद्दल म्हणाल तर १५ वर्षांच्या मुलाचा अर्ध्या पानाचा होतो आणि तो तुम्ही दोघं रविवारी बसून करू शकता. वरच्या ऋ.च्या उत्तरातलं जेवढं लागू पडेल तेवढं घ्या. पण आत्ता त्याला कागदापेक्षा महासंघाच्या युवा लीगमध्ये खेळणारी अकादमी जास्त उपयोगाची. बाराव्या वर्षापासून तो कुठल्या क्लबकडे कधी नोंदला होता, याचे तपशील मात्र आजपासून एका वहीत ठेवा. पुढे तो खरंच व्यावसायिक झाला तर त्याला घडवणाऱ्या क्लबना मिळणारी भरपाई त्या नोंदींवरून ठरते, आणि तुमच्या गल्लीतल्या छोट्या अकादमीचाही त्यात वाटा असू शकतो.

प्रश्न : गोलकीपर आहे. गुडघ्याचं एसीएलचं (आतल्या अस्थिबंधाचं) ऑपरेशन झालंय. लिहू की नको? – एक वाचक, ठाणे

लिही. करारापूर्वी डॉक्टर तपासतातच, तिथे व्रण झाकता येत नाही. ‘एसीएल शस्त्रक्रिया’, महिना, वर्ष, मैदानावर कधी परतलास आणि परतल्यानंतर किती सामने, एवढंच. परतल्यानंतरचे सामने भरपूर असतील तर ही ओळ तुझ्या बाजूनं बोलते. आणि गोलकीपर म्हणून एक जादा मागणी : व्हिडिओत नुसते झेपावून अडवलेले फटके नकोत. क्रॉसला बाहेर येणं, एकटा स्ट्रायकर समोर आल्यावरचे तुझे पाय, मागे आलेला पास दडपणाखाली कुठे खेळतोस, आणि खाल्लेले दोन-तीन गोलही घाल. मी स्वतः कीपरच्या व्हिडिओत खाल्लेले गोल आधी बघतो.

प्रश्न : इंग्रजी कच्चं आहे. एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का? – ओ. म., इचलकरंजी

भाषा सुधारून घ्यायला हरकत नाही. पण ‘एक डायनॅमिक, पॅशनेट आणि रिझल्ट ओरिएंटेड फुटबॉलर’ हे वाक्य मला एकाच आठवड्यात तिघांकडून आलं, त्यातला एक कीपर होता. आकडे आणि जागा आधी तू मराठीत लिही, मग तेवढंच इंग्रजीत करून घे. मेल तीन-चार ओळींचा पुरे : कोण, कोणती जागा, त्याच क्लबला का, लिंक. विषयाच्या ओळीत नाव, जागा आणि जन्मवर्ष. एकाच मेलमध्ये पंधरा क्लबचे पत्ते टाकू नकोस, सगळ्यांना सगळे दिसतात. नोंदणी सुरू व्हायच्या दीड-दोन महिने आधी पाठव, शेवटच्या आठवड्यात संघ भरलेले असतात. फाईलचं नाव ‘न्यू बायोडाटा फायनल २’ असं नको, स्वतःचं नाव दे. आणि ‘डेंजर बॉय’वाला तो ई-मेल पत्ता बदल. तुझं हे पत्रसुद्धा मला स्पॅममध्ये सापडलं.